ओट्याखालची जागा

मामी सामान भरत होत्या आणि मी मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतो. त्यांची पत्र्याची ट्रंक ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरशेजारी असायची. ती त्यांनी बाहेर ओढली होती आणि तिच्यात एकेक वस्तू नीट घडी घालून ठेवत होत्या. लुगडी, मशेरीचा डबा, पितळी अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून. त्या जरा बाजूला सरकल्या की मला ओट्यापासून फ्रिजपर्यंतचं माप घ्यायचं होतं. माझी आई दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून येणार होती आणि तिच्यासाठी आणलेली घडीची खाट तिथे बसते का, ते बघायचं होतं.

"घ्या तुम्ही माप," मामी म्हणाल्या. "माझं झालंच."

मी पट्टी जमिनीवर टाकली. खाट बसत होती. खाट उघडली की फ्रिजचं दार मात्र उघडणार नव्हतं, काय हवं ते आधीच काढून घ्यावं लागणार होतं. मी तसं म्हणालोही, आणि मामींनी मान डोलावली, जणू खाट त्यांच्यासाठीच होती.

हे नाशकातलं, सिडकोतलं घर. तिसरा मजला, एक हॉल, एक झोपायची खोली, स्वयंपाकघर. घेतलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि उज्ज्वला. मग केतकी झाली. मग उज्ज्वलाचे वडील गेले. त्यांच्या येवल्याच्या भाड्याच्या खोल्या मालकाने परत मागितल्या आणि मामी चार दिवस म्हणून आमच्याकडे आल्या. उज्ज्वला त्यांची एकुलती एक. चार दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. आणि आता धाकटा झाला होता, अजून नावही न ठेवलेला, दिवसभर झोपणारा आणि रात्रभर जागणारा.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. कागदावर यंत्राचे भाग एकमेकांत बसवायचे, हेच माझं काम, आणि तेच मी घरात केलं होतं. गॅलरीला काचा लावून केतकीची अभ्यासाची जागा केली. हॉलमध्ये भिंतीला पाडायचं टेबल लावलं. जेवण झालं की ते वर उचलून कडी घालायची. दिवाणाच्या पोटात गाद्या, बाथरूमवर माळा, चपलांचं कपाट बाहेर जिन्यात. ऑफिसातले लोक यायचे ते थक्क व्हायचे. मी त्यांना एकेक कडी उघडून दाखवायचो. ओट्याखालची ट्रंक आणि तिच्यावरची वळकटी काही मी कोणाला दाखवत नसे. पण तीही माझ्याच मापात बसवलेली होती.

जायचं मामींनीच काढलं. रविवारी बारसं. माझ्याकडची माणसं येणार, आई तर आधीच येणार. मामींनी उज्ज्वलाला समजावलं की, लेकीच्या घरी आई कायमची राहते हे तुझ्या सासूला असं भरल्या घरात कळायला नको. बायका चार तोंडांनी बोलतात, आणि ऐकून घ्यावं लागतं ते जावयाला. त्यापेक्षा मी कोपरगावला भावाकडे जाते आणि रविवारी कुंची-झबलं घेऊन पाहुणीसारखी येते. मग सगळे गेले की बघू.

मी आईला कधी खोटं सांगितलं नव्हतं. मामी आल्या आहेत, एवढंच बोललो होतो. त्या गेल्या की नाहीत, हे तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

मामींचं म्हणणं उज्ज्वलाने माझ्या कानावर घातलं तेव्हा मी म्हणालो, "त्यांना बरं वाटेल तसं करू दे." ती बाळाला पाजत होती. तिने भिंतीकडे तोंड केलं.

निघताना मामींनी ओले कपडेसुद्धा दोरीवरून काढून नेले. ओट्याखालची फरशी ओल्या फडक्याने पुसली. ट्रंकेच्या गंजाचा एक डाग कोपऱ्यात उमटला होता, तो घासूनही निघेना. मग त्यांनी पिठाचा डबा त्याच्यावर सरकवून ठेवला. स्टँडवर सोडायला येतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. रिक्षा कोपऱ्यावरच मिळते. ट्रंक मी खाली नेऊन दिली. रिक्षात बसल्यावर त्यांनी केतकीला हात केला आणि मला म्हणाल्या, "फ्रिजचं तेवढं उज्ज्वलाला सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी आईला आणायला स्टँडवर गेलो. ती एसटीतून उतरली आणि कंडक्टर तिचं सामान उतरवतच राहिला. दोरीने बांधलेली ट्रंक, वळकटी, दोन बोचकी, एक बरणी. मी हसून म्हणालो की, मुक्काम ठोकायच्या तयारीने आलेली दिसतेस. तीही हसली. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणाली.

तिन्ही जिन्यांवर तिने एकेकदा दम घेतला. घरात आल्यावर हातपाय धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, त्याचे कान बघितले, आमच्या वडिलांचेच आहेत असं ठरवलं. मग मी तिला घर दाखवलं. या सगळ्या सुतारकामानंतर ती पहिल्यांदाच निवांत येत होती. टेबल पाडून दाखवलं, माळा दाखवला, गॅलरी दाखवली. ती प्रत्येक ठिकाणी थांबून नीट बघत होती. खूप वेळ बघत होती. मला वाटलं, कौतुकाने बघते आहे.

"हुशार आहेस," ती म्हणाली. "सगळं भिंतीला टांगलंस."

स्वयंपाकघरात मी खाट उघडून दाखवली. केतकी तेव्हा सात वर्षांची. ती दारातून म्हणाली, "तिथे येवल्याची आजी झोपते."

"सुट्टीत आली की," उज्ज्वला आतल्या खोलीतून म्हणाली.

सुट्टीचे दिवस नव्हते. आई "हो का" म्हणाली आणि खाटेवर बसून तिने ती जरा दाबून बघितली.

पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर ती आधीच उठून केर काढत होती. खाट मिटवून भिंतीला लावलेली. पिठाचा डबा बाजूला सरकवलेला, आणि ती वाकून फरशीवरच्या त्या डागावरून बोट फिरवत होती. मला बघून तिने डबा जागेवर ठेवला. चहा ठेवू का, एवढंच विचारलं.

ते दोन-तीन दिवस ती फार शांत होती. बाळाला तेल लावायची, उज्ज्वलाला शेक द्यायची, डिंकाचे लाडू वळायची. मी दादाची चौकशी केली. वसंतदादा, माझा थोरला भाऊ, पारोळ्याच्या घरी आईबरोबर राहायचा. बारशाला येणार ना, असं मी विचारलं. ती म्हणाली की त्याला जमणार नाही, कामं आहेत. तिची दोरीने बांधलेली ट्रंक तिने उघडली नव्हती. एका बोचक्यातलीच दोन लुगडी ती आलटून पालटून नेसत होती. सामान ठेवायला मी दिवाणात जागा करून देतो म्हणालो, तर म्हणाली, कशाला, राहू दे तशीच.

मग एका सकाळी तिने गंगेवर जायचं काढलं. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पंचवटीत अंघोळ करीन, दर्शन घेईन आणि रिक्षाने परत येईन, तू मला फक्त सोड आणि कामाला जा, म्हणाली. मी तिला स्कूटरवरून रामकुंडाशी सोडलं. ती उतरली, पदर सारखा केला आणि मी निघेपर्यंत तिथेच उभी राहिली. मी निघायची ती वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

रविवार कारंजाच्या चौकापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की तिची कापडी पिशवी स्कूटरच्या हुकाला तशीच अडकली आहे. कोरडं लुगडं तिच्यातच. ओल्यानेच बसेल म्हणून मी वळलो.

कुंडावर ती नव्हती. घाटावरच्या बायकांत बघितलं, देवळाच्या पायऱ्यांवर बघितलं. शेवटी फुलं विकणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, उंचशा, हिरव्या लुगड्याच्या ना? त्या अंघोळीला नाही थांबल्या. म्हाताऱ्या बाईमाणसाला महिना-दोन महिने राहायला खोली कुठे मिळते, ते विचारत होत्या. मी धर्मशाळा दाखवली.

मला वाटलं, ही बाई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलते आहे. तरी गेलो.

धर्मशाळा मागच्या गल्लीत होती. आत जायला अंधारा बोळ आणि पुढे फरसबंद चौक. बोळाच्या तोंडाशी मुनीमाची बैठक होती, पण तो जागेवर नव्हता. मी बोळातून पुढे गेलो आणि चौकाच्या अलीकडेच थांबलो.

चौकापलीकडच्या पडवीत मामी बसल्या होत्या. कोपरगावला गेलेल्या मामी. त्यांची ट्रंक मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी होती आणि पुढ्यात मेथीचा ढीग. तिथल्या अन्नछत्रासाठी भाजी निवडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं असावं. त्यांच्यासमोर, माझ्याकडे अर्धी पाठ करून, आई बसली होती. तीही मेथी निवडत होती. दोघी बऱ्याच वेळच्या बसल्यासारख्या दिसत होत्या.

पुढे व्हायला हवं होतं. मी बोळातच भिंतीला लागून उभा राहिलो.

आई त्यांना विचारत होती की, दोन वर्षं झाली असतील ना. मामी म्हणाल्या, दिवाळीला होतील. ओट्याखालचा डाग मला पहिल्याच सकाळी दिसला, आई म्हणाली. पोरगी बोलली तेव्हाच अंदाज आला होता. मामी गडबडून सांगू लागल्या की लेक-जावयांचा यात काही दोष नाही, माझं मीच ठरवलं. भावाकडे नवी सून आलेली आहे, खोल्या दोनच, म्हणून तिकडे कळवलंसुद्धा नाही. रविवारी इथूनच येणार होते. उज्ज्वलाला यातलं काही बोलू नका.

"मी कशाला बोलू," आई म्हणाली. "मीसुद्धा खोलीच विचारायला आले."

मामींचे हात थांबले. "तुम्ही? तुमचं तर पारोळ्याला घर आहे."

"विकलं वसंताने. त्याच्याच नावावर होतं. तो सुरतेला गेला, पोराकडे. म्हणाला, तू पद्माकरकडे जा, मग बघू. मग म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही." तिने काड्यांची जुडी बाजूला टाकली. "ट्रंकेत माझं सगळं आहे. पद्माकरला वाटतंय, बारशाला आलेय."

पद्माकर म्हणजे मी. बोळातल्या भिंतीला ओल आली होती आणि माझा खांदा तिला टेकला होता. शर्ट ओला झालेला मला जाणवत होता, तरी मी हललो नाही.

मामी म्हणाल्या, "मग सांगा की त्यांना. ते नाही म्हणायचे नाहीत. मला कधी म्हणाले नाहीत."

"नाहीच म्हणणार. हो म्हणेल, आणि लगेच म्हणेल." आईने ढिगातून आणखी मेथी ओढली. "पण हो म्हणताना त्याचं तोंड कसं होतं, ते मला माहीत आहे. लहानपणापासून बघतेय. दादाला तुझ्यातलं दे म्हटलं की द्यायचा. कधी हट्ट केला नाही, कधी रडला नाही. पण ते तोंड. घर बघितलं मी त्याचं. बोटभर जागा सुटलेली नाही. तिथे मी सांगणार, तो हो म्हणणार, आणि ते तोंड मला या वयात बघायला लागणार. त्यापेक्षा इथे बरी."

मामींनी दोन-तीन काड्या निवडल्या, पानं सुपात टाकली. मग खाली बघतच म्हणाल्या, "मी बघितलंय."

आईने हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

मला मागच्या मागे निघून जाता आलं असतं. ऑफिस होतं, पिशवी मुनीमाकडे ठेवता आली असती. खरं सांगायचं तर मी एक पाऊल मागे घेतलंही. तेवढ्यात मागून मुनीम आला आणि मोठ्याने म्हणाला, "कोण पाहिजे, साहेब?"

दोघींनी एकदम वर बघितलं.

मी चौकात आलो. पिशवी हातात होती, ती पुढे केली. "आई, ही राहिली होती," म्हणालो. मग काय बोलायचं ते मला माहीत होतं. शब्द अगदी सोपे होते. पण मला माझं तोंड जाणवत होतं. ओठ, कपाळ, डोळे, सगळं दुसऱ्याचं असल्यासारखं. ते कसं ठेवायचं ते मला कळेना. मी हाताने चेहरा पुसला, घाम पुसल्यासारखं करून.

"घरी चला," मी म्हणालो. "दोघी."

मला वाटलं होतं, आता त्या माझ्याकडे बघतील. आईने मान खाली घातली. मामींनी तिच्याआधीच घातली होती. दोघी भराभर मेथी निवडायला लागल्या.

"एवढी निवडून होऊ दे," आई खालीच बघत म्हणाली. "लोकांची भाजी आहे. अर्धी टाकून उठू नये."

मी पडवीच्या खांबाशी उभा राहिलो. मेथी बरीच होती. तो सगळा वेळ दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही, आणि मला कळत होतं की त्या मला वेळ देत आहेत. तोंड सारखं करायला.

मामींची ट्रंक मी रिक्षात चढवली. त्या दोघी रिक्षातून पुढे आणि मी मागून स्कूटरवर. द्वारका चौकातल्या सिग्नलला मी त्यांच्या बाजूला आलो तेव्हा आई मामींना काहीतरी सांगत होती आणि मामी हसत होत्या. मला बघून दोघी गप्प झाल्या.

उज्ज्वलाने दार उघडलं. तिच्या कडेवर बाळ होतं. तिने आपल्या आईकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्या आईकडे. ती आत गेली आणि तिने कुकरमध्ये आणखी तांदूळ घातले. आईने मामींची ट्रंक स्वतः ओढत नेऊन ओट्याखाली त्या डागावर बरोबर बसवली. मग आपली दोरीने बांधलेली ट्रंक तिच्याशेजारी सरकवायला गेली, तर सिलिंडर आड आला. "पद्माकर," ती सिलिंडरकडे बघत म्हणाली, "हा जरा हलवता येईल का बघ."

हलवता आला. गॅसची नळी लांब घ्यावी लागली, एवढंच.

बारसं झालं. बाळाचं नाव शंतनू ठेवलं. माझी एक चुलतकाकू धुळ्याहून आली होती. तिने जेवताना मामींना विचारलंच की, तुमचा किती दिवस मुक्काम. मामींचा घास हातात राहिला. आई वाढत होती.

"त्या इथेच असतात," आई म्हणाली. "मी आता आलेय."

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन पुढच्या पंक्तीकडे गेलो.

त्या दोघींना मी झोपायची खोली द्यायला निघालो होतो. त्यांनी घेतली नाही. तान्हं मूल आहे, म्हणाल्या. घडीची खाटही नको झाली. ती माळ्यावर गेली आणि दोघी स्वयंपाकघरात शेजारी शेजारी अंथरूण घालू लागल्या. सकाळी आम्ही उठायच्या आत दोन्ही वळकट्या बांधलेल्या असत. मी ट्रंकांवर एक फळी मारून दिली, भिंतीला आणखी एक कपाट लावलं. शंतनू रांगायला लागल्यावर पाडायच्या टेबलाच्या कडेला रबर लावलं. त्या घरात आम्ही सहा माणसं आठ वर्षं राहिलो आणि कोणाचं कोणाशी कधी मोठं भांडण झालं नाही. लोक यायचे, बघायचे, म्हणायचे, कमाल आहे, एवढ्याशा जागेत कसं जमवलंत. पूर्वी मी कड्या उघडून दाखवायचो. आता म्हणायचो, त्या दोघींनी जमवलं. लोकांना तो विनय वाटायचा.

मी बोळात किती वेळ उभा होतो, काय काय ऐकलं, ते दोघींनी मला कधी विचारलं नाही. उज्ज्वलालाही मी सांगितलं नाही. कित्येक सकाळी दाढी करताना मी दाराला कडी घालून आरशात बघायचो आणि हळूच "हो" म्हणायचो. मग परत. साबण लावलेल्या तोंडावर काही कळत नसे. साबण धुतल्यावर मी बघत नसे.

आई मला कधी काही मागत नाही, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. चष्म्याचा नंबर वाढला तर केतकी येऊन सांगायची. गुडघ्याला पट्टा हवा असला तर उज्ज्वला. मामींना औषध हवं असलं तर ते आई उज्ज्वलाला सांगायची आणि उज्ज्वला मला. मी लगेच आणायचो. कधी उशीर केला नाही. एकदा मी आईला म्हणालो की मलाच का सांगत नाहीस. ती म्हणाली, तू दमून आलेला असतोस. आणि माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली, सैल झालंय का ते बघितल्यासारखी.

शंतनू तिसरीत गेला त्या वर्षी आम्ही गंगापूर रोडला मोठा फ्लॅट घेतला. किल्ली मिळाली त्या दिवशी उज्ज्वला आणि मी त्या दोघींना रिक्षाने घेऊन गेलो. लिफ्ट होती. घर रिकामं होतं, रंगाचा वास येत होता, बोललेलं घुमत होतं. आई आणि मामी एकमेकींच्या हाताला धरून प्रत्येक खोलीत गेल्या. पूर्वेकडच्या खोलीत त्या थांबल्या. खिडकीतून द्राक्षाचा एक मळा दिसत होता. अजून तिथे इमारती झाल्या नव्हत्या.

आईने मागे वळून उज्ज्वलाला विचारलं, "ही कोणाची?"

उज्ज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी आईच्या पुढ्यात गेलो. मला खरोखर आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर होता, याची मला खात्री होती. तिने एकदा बघावं, एवढंच मला हवं होतं.

"तुमची," मी म्हणालो. "तुमची दोघींची."

मामींनी डोळ्यांना पदर लावला. आईने खिडकीची कडी काढली, घातली, परत काढली. वारा आत आला.

"खिडकी चांगली आहे," ती बाहेर बघत म्हणाली.